कोठाराचे ध्यानगृह होताना

नैऋत्य फ्रान्समधील ‘प्लम व्हिलेज’ हे ध्यानकेंद्र जुन्या शेतवाड्यांमधून उभे राहिले. व्हिएतनामी झेन गुरू तिक न्यात हान्ह आणि त्यांच्या सहकारी चान खोंग यांनी ते 1982 मध्ये स्थापन केले. त्र्वा शहराजवळचे त्यांचे आधीचे लहानसे केंद्र येणाऱ्यांना अपुरे पडू लागले होते. नव्या जागी दगडी घरे आणि कोठारे होती. त्यांतूनच निवास आणि ध्यानगृहे घडली.

कोठार ध्यानाला सोयीचे असते. आत आडभिंती नसल्याने पुष्कळ जणांना एकत्र बसता येते आणि जाड दगडी भिंती बाहेरचा आवाज व उन्हाची झळ अडवतात. मात्र ओल, गळके छप्पर आणि हिवाळ्यातील गारठा यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. पहिल्यांदा छप्पर, मग भिंती, असा क्रम योग्य. जुन्या दगडी भिंतींना चुन्याचा गिलावा मानवतो, कारण तो ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती आतच कोंडून ठेवते. लाकडी जमिनीमुळे बैठकीला ऊब मिळते.

वास्तूभोवतीची जमीनही साधनेचा भाग होते. येथे प्लमची 1,250 झाडे लावली गेली. बुद्धांच्या आरंभीच्या भिक्षुसंघाची संख्या परंपरेने तेवढीच सांगितली जाते. फळांच्या विक्रीचे पैसे व्हिएतनाममधील भुकेल्या मुलांसाठी वापरले गेले. आजही तेथे घंटा वाजली की हातातले काम थांबवून सारे जण श्वासाकडे लक्ष देतात.