इस्त्री बिघडते, दोष मात्र शिवणारीच्या माथी

आमच्या वस्तीत गोधड्या शिवून संसाराला हातभार लावणाऱ्या एक ताई आहेत. मागील हिवाळ्यात त्यांच्याकडे एक काम आले. एका घरातील आजी वारल्या होत्या. त्यांच्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी नातवासाठी हवी होती. ताईंनी चौकोन कापले, जोडले आणि शेवटच्या पट्टीवर इस्त्री टेकवली. खटका मंदावर होता, तरी डोळ्यांदेखत कापड करपले. "भाऊ, मजुरी बुडाली त्याचं काही नाही. पण त्या माऊलीचं लुगडं आता कुठून आणू? माझ्याच हाताला गुण नाही," असे म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आम्ही कारकून माणूस, विजेचे जाणकार नव्हे. म्हणून ती इस्त्री घेऊन वायरमनकडे गेलो. त्याने ती खोलून दाखविली, तेव्हा कळले की चूक ताईंच्या हाताची नव्हतीच.

इस्त्रीत थर्मोस्टॅट नावाचा भाग असतो. त्यात दोन निरनिराळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. इस्त्री निवली की पट्टी सरळ होऊन वीज पुन्हा जोडली जाते. या जोड-तोडीत ठिणगी उडून टोके काळी पडतात. कधी ती नीट टेकत नाहीत, मग इस्त्री तापत नाही. कधी ती एकमेकांना चिकटून बसतात, मग खटका कोठेही असो, इस्त्री तापतच राहते. ताईंच्या इस्त्रीचे हेच झाले होते.

घरी दोन जोड कपड्यांना इस्त्री दहा-पंधरा मिनिटे चालते. गोधडीच्या कामात ती तासन्‌तास चालू राहते. कोणी म्हणेल, गोधडीला इस्त्री कशाला? घरच्या पांघरुणाला धावदोरा पुरतो हे खरे. परंतु विक्रीच्या गोधडीत प्रत्येक शिवण एका अंगाला दाबून बसवावी लागते, नाहीतर चौकोनांची टोके जुळत नाहीत आणि गिऱ्हाईक नाव ठेवते. म्हणजे या भगिनींसाठी इस्त्री ही चैन नसून सुताराच्या रंध्यासारखे हत्यार आहे.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इस्त्रीवरील एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५० व तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस. नायलॉनला एक ठिपका, सुतीला तीन. तुकडे आधी निवडून नायलॉन व टेरिलीनचे काम प्रथम उरकावे, सुती मागून घ्यावे. कारण इस्त्री तापते लवकर पण निवते सावकाश. सुरुवातीला दिवा एक-दोनदा विझून पेटू द्यावा आणि मगच चिंधीवर टेकवून पाहावे. मोलाच्या कापडावर सुती फडके घालून उलट बाजूने दाबावे. गरम इस्त्रीला वायर गुंडाळू नये. ती मानेपाशी तुटते. तीन पिनांच्या जागी दोन पिना कधीही लावू नयेत. तिसरी पीन अर्थिंगची असते आणि वेळ आली तर तीच जीव वाचविते.

आता खरेदीविषयी. ताईंनी इस्त्री बाजारातल्या हातगाडीवरून बिलाशिवाय घेतली होती. "वर्षभर बघायला नको," ही विक्रेत्याची तोंडी हमी. दोन महिन्यांनी हातगाडीही नाही आणि हमीही नाही! चार पैसे वाचले, पण दाद मागण्याची वाट बंद झाली. इस्त्रीवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानक क्रमांक व खाली सीएम/एल परवाना क्रमांक आहे की नाही ते पाहावे. परवाना क्रमांक खरा की खोटा, हे मोबाईलवरील बीआयएस केअर ॲपवर तपासता येते. पक्के बिल मागावे आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्यावा.

एवढे करूनही फसवणूक झाली तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइनही आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी तो लिहून द्यावा. शिक्षणाचा हाही उपयोग आहे.

त्या गोधडीचे पुढे काय झाले? ताईंनी करपलेला चौकोन उसवला आणि पदराचा उरलेला तुकडा त्या जागी बसविला. इस्त्री दुसरी घेतली, या वेळी बिलासह. बिल त्यांनी शिवणयंत्राच्या खणात जपून ठेवले आहे.

भगिनींनो, हाताला दोष देण्यापूर्वी हत्यार तपासून घ्या. कष्ट करणाऱ्या हाताला उगाच बोल लावू नका.