पाण्यापासून इंधन आणि प्रक्रिया-अभियंता

पाण्यांतून वीज जाऊं दिली कीं त्याचे दोन वायु होतात, हें आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेलें आहे. निकल्सन व कार्लाइल या दोघां इंग्रजांनीं १८०० सालीं व्होल्टाच्या नव्या विद्युत्-घटाच्या साहाय्यानें हा प्रयोग करून दाखविला. नळींत बुडबुडे दिसले कीं विद्यार्थ्याचें काम संपतें; कारखान्यांत मात्र तेथून कामाला आरंभ होतो. तें काम ज्याच्याकडे असतें त्याला प्रक्रिया-अभियंता म्हणतात. स्वच्छ ऊर्जेचा बोलबाला आज सर्वत्र आहे; पण हा गृहस्थ नेमकें करतो काय, याची कल्पना थोड्यांनाच असते.

यंत्र घडविणारा निराळा आणि वीज जोडणारा निराळा. प्रक्रिया-अभियंता यंत्रांतून वाहणाऱ्या द्रव्यावर नजर ठेवतो. आंत काय गेलें, बाहेर काय आलें आणि उष्णता कोठें मुरली, याचा जमाखर्च तो मांडतो. एक किलो हायड्रोजनसाठीं ९ किलो पाणी खर्ची पडतें व त्याबरोबर ८ किलो प्राणवायु निघतो. हा हिशेब निसर्गाचा. त्यांत घासाघीस चालत नाहीं. विजेची गोष्ट वेगळी आहे. सिद्धांताप्रमाणें सुमारें ३९ युनिट पुरावेत. प्रत्यक्षांत ५० ते ५५ लागतात. वरच्या युनिटांपैकीं कांहीं पंपादि साधनांकडे जातात. बाकीच्यांची उष्णता होते व ती सतत काढून घ्यावी लागते.

आतां त्याच्या खऱ्या कसोटीकडे वळूं. प्रचलित पद्धतींत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा २५ ते ३० टक्के द्राव ७० ते ९० अंश सेल्सिअस तपमानावर ठेवतात. दोन विद्युत्-अग्रांमध्यें सच्छिद्र पडदा असतो. एका बाजूस हायड्रोजन, दुसऱ्या बाजूस प्राणवायु. पण पडदा झाला तरी तो पडदाच. थोडा हायड्रोजन पलीकडे झिरपतोच. वीज कमी केली म्हणून हें झिरपणें त्या मानानें कमी होत नाहीं. प्राणवायूची उत्पत्ति मात्र घटते. समजा, पूर्ण विजेवर प्राणवायूंत अर्धा टक्का हायड्रोजन आहे. वीज चौथाईवर आली, तर तेंच प्रमाण दोन टक्क्यांच्या घरांत जातें. चार टक्क्यांच्या आसपास मिश्रण स्फोटक होतें. म्हणून दोन टक्क्यांवरच यंत्र थांबविण्याची प्रथा आहे.

पूर्वी ही अडचण विशेष जाणवली नाहीं. नॉर्वेंतील र्‍यूकन येथें किंवा आपल्या देशांत नांगल येथें असे कारखाने चालले, ते धरणा-धबधब्यांच्या अखंड विजेवर. सूर्य व वारा मात्र कोणाच्या वेळापत्रकानें चालत नाहींत. एखादा ढग आला कीं वीज उतरते. मग अभियंता काय करतो? सर्व संच अर्ध्यावर चालविण्याऐवजीं तो कांहीं बंद ठेवतो व उरलेले भरपूर विजेवर चालवितो. दाब उतरविला, तर झिरपणेंहि कमी होतें. परंतु वारंवार बंद-चालू केल्यानें विद्युत्-अग्रें झिजतात. सुरक्षितता, झीज व उत्पन्न यांचा मेळ घालणें, हेंच त्याचें रोजचें कर्तव्य.

आणखी एक हिशेब त्यास प्रामाणिकपणें मांडावा लागतो. हायड्रोजन जळतांना धूर होत नाहीं. पण त्यासाठीं वीज कोळशाची वापरली तर? कोळशाच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक किलो 'स्वच्छ' इंधनामागें पन्नास किलो! नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्याच्या जुन्या रीतींत तो दहा किलोंच्या आसपास असतो. म्हणूनच भारत सरकारनें २०२३ सालीं ठरविलें कीं, ज्याच्या एका किलोमागें असे वायु दोन किलोंहून अधिक निघत नाहींत, त्यालाच हरित हायड्रोजन म्हणावें.

त्याच वर्षाच्या आरंभीं मंजूर झालेल्या राष्ट्रीय योजनेचें उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनशक्ति उभारण्याचें आहे. इतक्या हायड्रोजनला २५,००० कोटी युनिटांहून अधिक वीज लागेल. किलोमागें एकच युनिट वाचविला, तरी वर्षाकाठीं ५०० कोटी युनिट वांचतील. रसायन व गणित यांची आवड असलेल्या तरुणांनीं या व्यवसायाकडे पाहावें, तें यासाठीं. त्यांत नांवलौकिक फारसा नाहीं. परंतु एका युनिटाची किंमत किती मोठी असूं शकते, हें तेथें जसें कळतें तसें अन्यत्र क्वचितच कळेल.