सफरचंदाचा पाय आणि वसईचीं राजेळीं

डिसेंबर महिना लागला, कीं वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील ख्रिस्ती घरांतून करंज्यांच्या तळणाचा घमघमाट सुटतो. दिवाळीस हिंदु घरांत जी करंजी होते, तिचीच ही बहीण. पातळ पारीच्या पोटांत गोड सारण भरावें, कडा दाबून बंद कराव्या आणि तें सर्व उष्णतेनें पक्व करावें, ही युक्ति कोणा एका देशाची नाहीं. विलायतेंत तिनेंच ‘पाय’चें रूप घेतलें. हें नांव ऐकून मराठी माणसास पाऊल आठवावें, हा भाषेचा दोष, पदार्थाचा नव्हे. करंजी कढईंत तळतात, पाय भट्टींत भाजतात, आणि तो थाळीएवढा मोठा असल्यानें कापून वाढावा लागतो. मुख्य भेद इतकाच.

इंग्लंडांत १३९० च्या सुमारास राजाच्या मुदपाकखान्यांतील आचाऱ्यांनीं जी पाकपोथी सिद्ध केली, तींत या पदार्थाची कृति सांपडते. सफरचंदांबरोबर नासपती, अंजीर, मनुका, मसाला आणि केशर! साखरेचें नांव नाहीं, कारण साखर तेव्हां तेथें फार महाग होती. भोंवतालची कणकेची भिंतही पुष्कळदां खाण्यासाठीं नसून केवळ सारण राखण्यासाठीं असे. पारी चवीनें खाण्याजोगी झाली ती पुढें. आणि आज पाय साधला कीं फसला हें त्या पारीवरच ठरतें.

पारीचें मर्म ज्या गृहिणीस साट्याच्या करंज्या येतात तिला निराळें सांगावयास नको. मैद्यांत पाणी पडून मळणी झाली, कीं त्यांतील प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात. पोळीस ते हवेत, पारीस ते नकोत. मोहन घातलें असतां तुपाचा लेप पिठाच्या कणांवर बसतो, पाणी आंत शिरण्यास अडखळतें आणि पारी खुसखुशीत होते. पायच्या पारींत याहून एक पाऊल पुढें जावें लागतें. २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि १२५ ग्रॅम लोणी घ्यावें. पण लोणी पातळ करूं नये. तें घट्ट, थंडगार असतांनाच त्याचे वाटाण्याएवढे तुकडे बोटांच्या टोकांनीं पिठांत चोळावेत व मध्येंच थांबावें. मग बर्फाचें पाणी चमच्याचमच्यानें शिंपडून, गोळा जेमतेम जमेल इतकेंच तें घालावें. चार-पांच मोठे चमचे बहुधा पुरतात. पावसाळ्यांत मैदा दमट असतो, तेव्हां त्याहूनही कमी. भट्टींत लोण्याचे हे तुकडे वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलून धरते. साट्याचें तूपही तेंच काम करतें.

वसईची अडचण हवेची आहे. लोणी सुमारें ३२ ते ३५ अंशांवर वितळतें आणि किनाऱ्यावरील स्वयंपाकघर उन्हाळ्यांत त्याहून थंड क्वचितच असतें. म्हणून गोळा तासभर शीतकपाटांत ठेवावा, लाटतांना तो मऊ पडूं लागला तर पुन्हां थंड करावा, आणि तळव्याची ऊब लागूं न देतां हात चालवावा. येथें जिची घाई झाली, तिचा पाय चामड्यासारखा झाला असें समजावें.

आतां फळ. सफरचंदाचें मूळ घर मध्य आशियांतील तिएनशान पर्वताच्या उतारांवर. झाडास फलधारणेसाठीं कडक हिंवाळा लागतो, त्यामुळें वसईच्या वाडींत त्याची आशा करूं नये. येथील बाजारांत तें काश्मीर व हिमाचल प्रदेशांतून येतें. हिमाचलांतील कोटगढ येथें सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानें १९१६ सालीं ‘रेड डिलिशस’ जातीचीं झाडें लावलीं, आणि त्या लाल, गोड फळानें देशाची बाजारपेठ काबीज केली. खाण्यास तें उत्तम. पायसाठीं मात्र थोडें दुबळें, कारण त्यांत आंबटपणा कमी आणि भाजल्यावर तें पिठूळ होतें. आंबट हिरवीं सफरचंदें मिळालीं तर बरें; न मिळालीं तर लिंबाचा रस हात राखून घालूं नये. पाऊण किलो फोडींस १०० ग्रॅम साखर, चमचाभर दालचिनीची पूड आणि दोन मोठे चमचे मक्याचें सत्त्व पुरे. साखर लावून अर्धा तास ठेविलें, कीं रस सुटतो. तो गाळून, आटवून पुन्हां फोडींवर घालावा. हें टाळलें तर तो रस भट्टींत सुटून खालची पारी भिजते.

वरच्या पारीस सुरीनें चार-पांच चिरा द्याव्या, म्हणजे वाफ कोंडणार नाहीं. प्रथम २२० अंशांवर वीस मिनिटें, मग १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटें, आणि थाळी भट्टीच्या खालच्या फळीवर. ओव्हन नव्हते तेव्हां पातेल्याच्या वर-खालीं निखारे ठेवून केक भाजीत. त्या रीतीनेंही पाय होतो, पण नजर ढळूं देतां येत नाहीं. बाहेर काढल्यावर तीन तास सुरी लावूं नये. सत्त्वाचा रस थंड होतां होतांच घट्ट होतो. मुलांना हें पटविणें सर्वांत अवघड.

सफरचंद दूरचें, वसईचें स्वतःचें फळ केळें. त्यांत राजेळी जात शिजवूनही आकार सोडीत नाहीं, म्हणून पायच्या सारणास ती फार योग्य. हींच केळीं पिकवून, सोलून, कोरड्या हवेंत कित्येक दिवस उन्हांत वाळविलीं, कीं सुकेळीं होतात: मधाच्या रंगाचीं, चिवट, गोड. विरारजवळील आगाशी त्यांसाठीं पूर्वींपासून नांवाजलेली. पण २००९ सालीं महानगरपालिका झालेल्या या प्रदेशांत वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या आहेत, आणि सुकेळीं करणारीं घरें मोजकीं उरलीं आहेत. वाड्या व पाणी राखण्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें विसाव्या शतकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ झाली. तिच्या बळावर कांहीं हिरवळ टिकली. परंतु ज्या पिकास गिऱ्हाईक नाहीं तें शेतकरी किती काळ लावील?

राजेळ्यांचा पाय करावयाचा तर पांच-सहा पिकलेल्या केळ्यांच्या जाड चकत्या तुपावर किंचित परताव्या, साखर निम्मी करावी आणि मक्याचें सत्त्व वगळावें, कारण केळें सफरचंदाइतकें पाणी सोडीत नाहीं. लिंबू मात्र दुप्पट. दोन सुकेळीं बारीक कापून कोमट पाण्यांत घटकाभर भिजवून त्यांत मिसळलीं, तर मनुकांची उणीव भासत नाहीं. पावसाळ्यांत सुकेळीं वाळविलीं जात नाहींत. तेव्हां ज्यांना तीं जुलैंत लागणार असतील, त्यांनीं उन्हाळ्यांतच आगाशीच्या बाजारांत चौकशी करावी.