गंधकाची खरी किंमत

साखरेचा शुभ्रपणा गंधकाच्या धुराने साधला जातो, हे ती चहात घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पांढरी साखर काढणारे महाराष्ट्रातील अनेक कारखाने उसाचा रस निवळण्यासाठी गंधक जाळतात. तेलशुद्धीकरणातून उपपदार्थ म्हणून निघणाऱ्या या मालाकडे कोणी मौल्यवान वस्तू म्हणून पाहत नाही. साहजिकच त्याची हाताळणीही स्वस्तात उरकली जाते, आणि धोक्याचा उगम नेमका येथेच आहे.

गंधकाची ढेकळे निरुपद्रवी भासतात. परंतु ती फुटली, पोती आपटली गेली, की भुकटी उडते. बंदिस्त गोदामात दर घनमीटर हवेत सुमारे ३५ ग्रॅम भुकटी तरंगू लागली, तर एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते. गंधकाची निळसर ज्योत भर उन्हात सहसा दिसत नाही. तिच्यातून निघणारा सल्फर डायॉक्साइड मात्र श्वास कोंडतो. वितळलेल्या गंधकाच्या टँकरमध्ये झाकणाखाली विषारी हायड्रोजन सल्फाइड साचतो, तो वेगळाच.

दि. १८ फेब्रुवारी २००४ रोजी इराणमधील निशापूरजवळ गंधक, पेट्रोल, खत व कापूस यांनी भरलेले रेल्वेचे डबे निसटून रुळांवरून घसरले व पेटले. आग विझविण्याचे काम चालू असतानाच काही तासांनी प्रचंड स्फोट झाला. सुमारे ३०० माणसे दगावली. त्यांत अग्निशामक जवानही होते. कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवावा, हा प्रश्न किती गंभीर आहे याची ती जबर साक्ष होय.

उपाय अज्ञात नाहीत. भुकटीऐवजी गोळीदार गंधक घ्यावे, यंत्रांना अर्थिंग असावे, ठिणगी न उडविणारी अवजारे वापरावीत, नायट्रेट व क्लोरेट दूर ठेवावेत आणि आगीवर पाण्याचा झोत न सोडता फवारा मारावा; झोताने भुकटी अधिकच उधळते. धोकादायक माल नेणाऱ्या चालकास प्रशिक्षण व लेखी सूचना देण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी घातलेलेच आहे.

अडचण आहे ती हिशेबाची. या खबरदारीचा खर्च खरेदीदाराच्या वहीत दिसतो. ती न घेतल्याचा खर्च हमालाच्या फुप्फुसांत आणि शेजारच्या वस्तीत विखुरतो. अर्थशास्त्र त्यास बाह्य खर्च म्हणते. त्यातही जेथे मजुरी पोत्यामागे ठरते, तेथे सावकाश काम करणाराच उपाशी राहतो. तेव्हा गाळप हंगामापूर्वी गंधकाच्या निविदा काढताना दराबरोबरच मालाचे रूप, वाहतुकीची व्यवस्था आणि उतरविणाऱ्यांचे संरक्षण यांच्या अटी घालणे, हे संचालक मंडळांचे कर्तव्य ठरते.