१४०० वर्षांचा घरचा धंदा कसा टिकला, कसा बुडाला?

आपल्या समाजात दुकान, वर्कशॉप, ठेकेदारी करणारी पहिली पिढी आता साठीला आली आहे. पुढे कोण सांभाळणार, या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : मोठा मुलगा. म्हणूनच जपानच्या कोंगो गुमी या कंपनीचा इतिहास तरुणांनी जाणून घ्यावा असे आम्हाला वाटते.

ही कंपनी आपली स्थापना इ.स. ५७८ ची सांगते. जपानमध्ये बुद्धधम्म तेव्हा नवा होता. विहार बांधणारे सुतार कोरियातील बेक्जे राज्यातून आणावे लागले. त्यांपैकी एका घराण्याने ओसाकाचा शितेन्नोजी विहार बांधला. आगी, वादळे, युद्धे यांत तो अनेकदा पडला आणि हेच घराणे तो पुन्हा उभारत राहिले. कामाला खंड नव्हता.

पण खरी गोष्ट वारसाची आहे. मोठा मुलगा नालायक असेल तर धाकट्याला गादी मिळे. मुलगा नसेल तर हुशार जावई घेत, तो कोंगो हे आडनाव लावी. १९३२ मध्ये ३७ व्या प्रमुखाने आत्महत्या केली, तेव्हा त्यांची पत्नी योशिए ३८ वी प्रमुख झाली. १९३४ च्या वादळात शितेन्नोजीचा पाच मजली मनोरा कोसळला. तो पुन्हा उभारला गेला तो याच बाईंच्या कारकिर्दीत. पुढे महायुद्धात बांधकामे थांबली, तर कंपनीने शवपेट्या बनवल्या!

कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या एकच काम म्हणजे जातच की. तसे नाही. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, ती कुवत न पाहता जन्मावरून काम लादते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. कोंगो घराण्याने नाव राखले, पण प्रमुख निवडताना कुवत पाहिली.

मग बुडाली कशाने? १९८० च्या दशकात जमिनींचे भाव भडकले तेव्हा कंपनीने कर्जे काढून जमिनीत पैसा घातला. भाव कोसळले, कर्ज तसेच राहिले. त्यात देणग्या आटल्या आणि विहारांची कामे कमी झाली. २००६ मध्ये ताकामात्सु या बांधकाम कंपनीने धंदा ताब्यात घेतला. सुतार मात्र आजही त्याच नावाखाली विहार बांधतात.