मालमोटारीच्या डाव्या अंगाला

रस्त्यावरील सुरक्षिततेविषयी कोणी बोलावयास उभा राहिला की श्रोते त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा करतात. त्याने शिस्तीचा उपदेश करावा आणि ट्रकवाल्यांना चार शब्द सुनवावेत. मला हे दोन्ही साधणार नाही. सातवीनंतर शाळा सुटली, तीन वर्षे ट्रकवर क्लीनर म्हणून काढली, पुढे कारखान्यात लागलो तेव्हा नऊ वर्षे पिंपरीहून भोसरीला सायकल हाणीत पाळी गाठली, आणि त्यानंतरचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. म्हणजे रस्ता मी कॅबिनमधूनही पाहिला आहे आणि सायकलच्या सीटवरूनही. तरीदेखील त्याचे खरे ज्ञान मला फार उशिरा झाले, आणि ते एका मृत्यूमुळे झाले.

२००९ सालच्या पावसाळ्यात चाकण परिसरातील एका कारखान्याच्या फाटकाशी सकाळच्या पाळीला निघालेला सायकलस्वार ट्रकच्या डाव्या मागच्या चाकाखाली सापडला व जागीच गेला. ट्रक त्या वेळी माणसाच्या चालीने वळत होता. वेगाचा प्रश्नच नव्हता, दारूचाही नव्हता. गेलेला माणूस आमच्या संघटनेचा सभासद होता, आणि ट्रक चालविणाराही आमचाच सभासद होता. एका घरी तेराव्यापर्यंत बसलो, दुसऱ्याच्या जामिनासाठी धावलो. ड्रायव्हर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "भाऊ, पोरांची शपथ, तो मला दिसलाच नाही." खरे सांगतो, माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. एवढा धडधाकट माणूस, वर पिवळा रेनकोट घातलेला, तो दिसत नाही म्हणजे काय?

पुढच्या रविवारी आम्ही एक रिकामा ट्रक मैदानात उभा केला. त्याच्या डाव्या अंगाला दारापासून मागच्या चाकापर्यंत सात जण सायकली धरून उभे राहिले, आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. सातांपैकी मला दोन दिसले. एकाचे डोके आणि एकाचा खांदा! मान लांबवून आरशात पाहिले तेव्हा आणखी एकाचे पाऊल दिसले. बाकीचे चौघे जणू धरणीने गिळले होते.

याचे कारण साधे आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून सुकाणू उजवीकडे असते. ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून सात-आठ फूट उंच असतो, आणि डाव्या दाराच्या खिडकीचा काठ त्याच्यापासून चांगला पाच-सहा फूट दूर असतो. त्या काठावरून जाणारी नजर खाली उतरत उतरत जमिनीला टेकते ती ट्रकपासून कितीतरी दूर. मधल्या पट्ट्यात जे असेल ते त्याला दिसत नाही. आरसा हा पट्टा थोडा कमी करतो, पण संपवीत नाही; आणि धूळ बसलेला किंवा कोणीतरी धक्का देऊन फिरवलेला आरसा तर असून नसल्यासारखाच. पुढच्या बाजूसही हाच प्रकार आहे. काचेला चिकटून चालणारे पोर त्याला दिसत नाही. सायकलस्वाराने एवढे ध्यानात ठेवावे की आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. चेहरा दिसला म्हणून तो आपल्याकडेच पाहत असेल, असे मात्र समजू नये.

आता वळणाची गोष्ट. मोटार असो, ट्रक असो, वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या बाजूने रस्ता कापतात. वाहन जितके लांब तितके हे कापणे अधिक. पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे पाच मीटर अंतर असलेला ट्रक ऐन काटकोनात वळला, तर मागचे चाक पुढच्यापेक्षा चारेक फूट आतून जाते. जोडट्रेलरचे तर विचारूच नका. हे ठाऊक असल्यामुळेच जाणता ड्रायव्हर डावीकडे वळण्याआधी ट्रक थोडा उजवीकडे काढतो. सायकलस्वाराला वाटते, याने मला वाट दिली. डावीकडे चांगली मोकळी जागा झालेली असते. तो आत शिरतो. पुढचे चाक त्याच्यापासून लांब असते, त्यामुळे धोका जाणवत नाही. आणि जी जागा त्याला मोकळी वाटली तिच्यातूनच मागचे चाक यावयाचे असते. त्या सकाळी हेच झाले होते. दोघांचीही चूक म्हणावी तर दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

म्हणून उभ्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नये, मागे थांबावे. हे सायकलवाल्याला सांगणे जितके आवश्यक, तितकेच स्कूटर-मोटरसायकलवाल्यालाही. किंबहुना त्याला अधिकच. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत दुचाकी वाहनांवरची माणसे शेकडा चव्वेचाळीसहून अधिक होती. पायी चालणारे जवळजवळ शेकडा वीस. पत्र्याच्या आत बसलेल्यांपेक्षा बाहेर असलेलेच रस्त्यावर अधिक मरतात, हे या आकड्यांतून कोणासही दिसेल.

मोटारवाल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या सभागृहात त्यांची संख्या मोठी आहे आणि ते रागावतील. रस्त्याकडेला गाडी उभी करून दार उघडताना ते डाव्या हाताने उघडावे. तसे करताना अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलस्वार नजरेस पडतो. दुसरे, ट्रकच्या पुढे जी मोकळी जागा दिसते तिच्यात गाडी घालू नये. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. संकट पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते, ब्रेक लागण्याचे काम त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, आणि अठरा टनांचा भरलेला ट्रक ओल्या रस्त्यावर मोटारीसारखा थांबत नाही. ड्रायव्हरने ती जागा थांबण्यासाठी राखलेली असते. आपण तीत घुसलो की त्याचा ब्रेक आपण चोरला असे समजावे. तिसरे, सायकलच्या जवळून जाऊ नये. जर्मनीत २०२० पासून गावात दीड मीटर व गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडण्याचा नियम आहे. आपल्या पेठांतील गल्ल्यांत तो शक्य नाही, हे मान्य. तेथे सायकलच्या मागे शांतपणे चालावे. हॉर्नने रस्ता रुंद होत नाही.

माझ्या लहानपणी बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट या दोन गुन्ह्यांसाठी हवालदार अडवीत असे, आणि आम्ही त्याला शत्रू समजत असू. आज रात्रपाळीहून परतणाऱ्यांच्या सायकलींना दिवा तर नाहीच, मागे लाल काचेचा तुकडासुद्धा नसतो. तो हवालदार निदान दिव्याच्या बाबतीत बरोबर होता.

परंतु आमच्या त्या ड्रायव्हरच्या बाबतीत आरसा आणि वळण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. तो त्या दिवशी पहाटे दोनला निघाला होता. त्याला महिन्याचा पगार नावापुरता, खरी मिळकत खेपेवर. दिवसात दुसरी खेप साधली तर घरी पैसे जातात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, असे ठरवून दिले होते. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना, आणि एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सहज निसटत असे. पुढे हा कायदा २०२० च्या संहितेत सामावून घेतला गेला. खेप मोजणारी वही मात्र कोणत्याच संहितेत आली नाही. अर्धवट झोपेतला माणूस आरशात पाहतो, पण पाहिलेले त्याच्या लक्षात येत नाही. हे मी क्लीनर असताना स्वतः अनुभवले आहे. माझा ड्रायव्हर उघड्या डोळ्यांनी झोपे आणि मी त्याला तंबाखू मळून देई.

अपघातानंतर ड्रायव्हर पळाला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. जखमीला उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याने त्याचे कर्तव्यच आहे; पण जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाले तर काय, याचाही उल्लेख त्याच कलमात केलेला आहे. जमाव म्हणजे काय हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. २०२३ च्या न्याय संहितेत पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या; १ जुलै २०२४ पासून संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. त्या संपात मी होतो. पण जखमीला टाकून पळण्याचे समर्थन मी सभेतही केले नाही. थेट पोलीस ठाण्यात जा आणि तेथून दवाखान्याला फोन कर, एवढे तरी प्रत्येक ड्रायव्हरला जमले पाहिजे, असे मी त्यांना सांगत आलो.

त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाशी आमची चार महिने बोलणी चालली. पाळी बदलण्याच्या वेळी वीस मिनिटे ट्रक आत-बाहेर करावयाचे नाहीत, हे त्यांनी मान्य केले. सायकलींसाठी भिंतीकडचे लहान दार उघडले गेले. फाटकाशी वळणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या डाव्या बाजूस एक माणूस उभा राहू लागला. तो आमच्याच सभासदांपैकी असे. दर सहा महिन्यांनी नव्या कामगारांना एकदा तरी कॅबिनमध्ये बसवून खाली पाहावयास लावतो, आणि ड्रायव्हरांना सायकलवर बसवून शेजारून ट्रक नेतो. दोन्हीकडचे चेहरे उतरतात. वाहतूकदारांशी खेपेच्या दराची बोलणी मात्र अद्याप चालूच आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय तिसऱ्या क्रमांकावर आहे.