पडद्यावरचे भिंग कॅमेऱ्यात

फितीवरचा सिनेमा आपल्याकडे मागे पडला. कित्येक एकपडदा चित्रपटगृहे बंद झाली. जी चालू राहिली त्यांतल्या बहुतेकांनी डिजिटल यंत्रे बसवली. जुनी यंत्रे मोडीत निघाली, आणि त्यांच्या तोंडाशी असलेली भिंगाची नळीही अनेकदा किलोच्या भावाने गेली. पण ते भिंग आजच्या कॅमेऱ्यावर चांगले काम देते. मात्र भंगारवाल्याच्या आधी ते आपल्याला ओळखता आले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, पडद्यावर चित्र टाकणारे भिंग चित्र टिपील कसे? त्याचे असे आहे, की प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी सारखीच चालते. फितीवरचे इवलेसे चित्र पडद्यावर मोठे होते, तसेच बाहेरचे जग लहान होऊन कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उतरते. म्हणून जे टोक फितीकडे होते ते कॅमेऱ्याकडे ठेवायचे, पडद्याकडचे बाहेर.

आता परीक्षा. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. भिंग खिडकीसमोर धरा आणि मागे पांढरा कागद पुढेमागे सरकवा. लांबचे झाड कागदावर उलटे, पण स्वच्छ उमटले की थांबा. शेवटच्या काचेपासून कागदापर्यंतचे अंतर मोजा. हेच अंतर सगळे ठरवते! निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग बसवायच्या कड्यापासून सेन्सर ४६.५ मिलिमीटर आत असतो. सोनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात फक्त १८. समजा, तुमचे अंतर ३० भरले, तर पहिल्यावर दूरचे दृश्य स्पष्ट होणार नाही, दुसऱ्यावर होईल.

मग कागदावरच्या उजेडाचे वर्तुळ मोजा. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर असतो. वर्तुळ त्याहून लहान असेल तर छायाचित्राचे कोपरे काळे येतील. १६ मिलिमीटर फितीच्या आखूड भिंगांचे बहुधा असेच होते.

या भिंगांना उजेड कमीजास्त करणारी झडप सहसा नसते. तेव्हा शटरचा वेग बदलूनच काम साधायचे. पुढेमागे सरकण्यासाठी आटे असलेली फिरती नळी मिळते. ती आणि भिंग यांना जोडणारे कडे एखादा लेथवाला मापाने कातून देतो.

चित्र कसे येते? जोझेफ पेट्झवाल याने १८४० मध्ये व्हिएन्नात माणसांच्या तसबिरींसाठी एक भिंग आखले. पुढे तीच रचना प्रक्षेपकांत फार वापरली गेली. मध्यभाग धारदार, कडा मात्र भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. एकट्या माणसाचा चेहरा अशा भिंगात खुलतो. वर्गाचा समूहफोटो काढाल, तर टोकाची मुले रुसतील!

नळीतून पाहिल्यावर गोल वस्तू लांबट दिसली, तर ते सिनेमास्कोपचे भिंग समजा. १९५३ च्या ‘द रोब’पासून ही पद्धत रूढ झाली. अशा भिंगाने टिपलेले चित्र संगणकावर पुन्हा रुंद करावे लागते, आणि त्याला मागे दुसरे साधे भिंग लागतेच.

आपल्या पावसाळी हवेत काचेवर बुरशी धरते. वरची बुरशी पुसता येते. पण चिकटवलेल्या दोन काचांमध्ये इंद्रधनुषी डाग दिसला, तर घाईने उघडू नका.

एक खिडकी, एक कागद, एक मोजपट्टी. नळी वजनकाट्यावर चढण्यापूर्वी एवढे करून पाहायला दहा मिनिटे पुरतात. एकदा ती वितळली, की तसे भिंग पुन्हा कोणी घडवणार नाही.